मातीकाम (शाहूवाडी परिसरातील)

मातीकाम : इमारत, रस्ता, लोहमार्ग, कालवा, धरण इत्यादींसाठी जागा सिद्ध करताना उंच भागातील माती, मुरूम वा खडक खोदून काढणे आणि सखल भागात तोच किंवा दुसरीकडून आणलेला माल घालून जमीन ठरावीक पातळीस आणणे, या क्रियांना मिळून मातीकाम म्हणतात. त्याची खोदाई व भराव अशी दोन अंगे होत. खोदाईतून निघालेला माल भरावास पुरा पडावा, तो उरू नये व कमीही पडू नये, हे या कामाचे फार जुने ध्येय आहे. कारण जो माल उरतो तो टाकण्यास जागा लागते आणि जो कमी पडतो तो वाहून आणावा लागतो. सपाट मुलखात हे ध्येय पुष्कळ अंशी साधते. डोंगराळ मुलखात ते का साधत नाही आणि न साधल्यास काय घडते, हे पाहण्यास कोल्हापूर जिल्ह्याच्या वायव्येकडील शाहूवाडी तालुक्यासारखे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल. भातखाचरे, गड, घाटरस्ते, मातीची धरणे आणि रुंद केलेला महामार्ग अशी मातीकामाची सर्व रूपे या एका तालुक्यात एकमेकांपासून थोड्या अंतरावर आढळतात.

या तालुक्याच्या पश्चिमेस सह्याद्रीची मुख्य धार असून तिच्या पलीकडे रत्नागिरी जिल्हा लागतो. उत्तरेस वारणा नदी ही सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्याशी असलेली सीमा होय. कडवी व कासारी या नद्या याच भागात उगम पावून पूर्वेकडे वाहतात. मलकापूर हे तालुक्यातील जुने बाजाराचे गाव. पश्चिम भागात पाऊस अतिशय पडतो, पूर्वेकडे बांबवड्याच्या बाजूस तो झपाट्याने कमी होत जातो. मातीकामाच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे भूरचना. तळाशी बेसाल्टचा काळा कातळ, त्याचा झिजून झालेला मुरूम आणि उंच पठारांवर, म्हणजे सड्यांवर, जांभ्याचे कठीण आवरण अशी सर्वसाधारण मांडणी आढळते. जांभा खणताना मऊ लागतो व वाऱ्याउन्हाने टणक होतो. त्यात जवळजवळ उभा छेद घेतला, तरी तो वर्षानुवर्षे उभा राहतो. परंतु जांभा व खालचा कातळ यांच्या दरम्यान पुष्कळ ठिकाणी पांढरट-पिवळसर चिकणमातीचा थर असतो. कोरडा असताना हा थर भक्कम वाटतो. जांभ्याच्या छिद्रांतून झिरपलेले पाणी त्यावर साचले की मात्र तो साबणासारखा निसरडा बनतो. या थराला धक्का न लावता वरच्यावर केलेली खोदाई आणि तो थर उघडा पाडणारी खोदाई दिसावयास सारखीच दिसते. पहिल्या पावसाळ्यात त्यांतील फरक कळून येतो.

शेतीसाठी केलेले सपाटीकरण हे येथील सर्वांत जुने मातीकाम होय. त्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही व त्याचा आरंभही सांगता येत नाही. उतारावर भाताचे पाणी थोपवून धरण्यासाठी वरच्या अंगाची माती ओढून खालच्या अंगास घालीत व तिच्या पायाशी दगडांची ताल रचीत. ताल घालताना चुना वा माती वापरीत नसत. दगडावर दगड बेताने बसवून भिंत उभी करीत आणि तिला आतल्या अंगास किंचित कल देत. अशा कोरड्या भिंतीतून पाणी झिरपून जाते, माती मात्र मागे राहते. एका हंगामात खाचर पुरे करण्याची रीत नव्हती. यंदा ताल घालावी, तिच्यामागे पावसाने वाहून आलेला गाळ साचू द्यावा, पुढील वर्षी तिच्यावर आणखी एक थर चढवावा, असा क्रम दोन-तीन पिढ्या चाले. भरावाला बसण्यास अशा रीतीने आपोआप वेळ मिळे. डोंगरउतारावरील घरांच्या बाबतीतही हीच दृष्टी होती. घराचा मागील भाग खोदलेल्या मूळ जमिनीवर आणि अंगण तेवढे भरावावर ठेवीत, म्हणजे भराव खचला तर अंगणास तडा जाई, भिंतीस जात नसे. नव्या भरावावर निदान एक पावसाळा जाऊ द्यावा व मगच जोते घालावे, हा गवंड्यांचा नियम याच अनुभवातून आलेला आहे.

दुर्गबांधणीतील खोदाई : गड म्हटला की तट-बुरूज डोळ्यांसमोर येतात. परंतु डोंगरी किल्ल्याचे संरक्षण बरेचसे खोदाईवर अवलंबून असे. चढण्याजोगा उतार तासून त्याचा कडा करणे, माथ्यावर कातळात टाकी खोदणे व त्यांतून निघालेला दगड तटास वापरणे, ही कामे एकाच वेळी चालत. पाण्याचे टाके ही खोदाई, तट हा भराव आणि दोहोंमधील वाहतुकीचे अंतर अगदी थोडे; आधुनिक अभियंत्याने हेवा करावा असा हा हिशेब होता. रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्र या ग्रंथात (इ. स. १७१५ च्या सुमारास) दुर्गांवर स्वतंत्र प्रकरण आहे. गडाची जागा निवडताना प्रथम पाणी पाहावे, नसल्यास कातळ फोडून टाकी-तळी करावीत आणि गडाजवळ त्यास मारक ठरेल असा दुसरा डोंगर असल्यास तो सुरुंग लावून कमी करावा, अशा आशयाचा उपदेश त्यात केलेला आहे. शाहूवाडी तालुक्यातील विशाळगड खोल दऱ्यांनी वेढलेला असल्याने तेथे निसर्गानेच हे काम बरेचसे केले होते. १३ जुलै १६६० रोजी पन्हाळ्याहून निघालेले शिवाजी महाराज याच गडावर पोहोचले. भर पावसात, खिंडीतील चिंचोळ्या वाटेवर मूठभर माणसे मोठ्या सैन्यास थोपवू शकली, याचे एक कारण त्या वाटेच्या अरुंदपणात होते. गाडीचा रस्ता तेथे नव्हता आणि तो नसावा, हेच गडाच्या हिताचे होते. १८४४ मधील गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी या भागातील गडांची तटबंदी पाडली आणि विशाळगडच्या प्रतिनिधींचे ठाणे मलकापूरला आले. वाटा अवघड ठेवण्याचा काळ संपून त्या सोप्या करण्याचा काळ येथून सुरू झाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

घाटरस्ते : घाटमाथा व कोकण यांमधील व्यापार पूर्वी बैलांच्या पाठीवरून चाले. अणुस्कुऱ्यासारख्या वाटांवर दगडी फरसबंदी केलेली होती. बैल व माणूस चढू शकेल एवढाच तिचा उतार असल्याने अशा वाटेस खोदाई जवळजवळ लागत नसे. ती डोंगराच्या सोंडेवरून वर चढे. चाकाची गाडी आली आणि सगळेच बदलले. लादलेली बैलगाडी सुखाने चढावी यासाठी रस्त्याचा चढ साधारणतः वीस फुटांस एक फूट इतका सौम्य ठेवावा लागतो. या प्रमाणात ४०० मी. उंची उतरावयाची, तर ८ किमी. लांबीचा रस्ता हवा. तेवढी लांबी मिळविण्यासाठी रस्ता सोंड सोडून डोंगराच्या कुशीत शिरतो, वळणे घेतो आणि वाटेतील प्रत्येक ओहोळ आडवा कापीत जातो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापूर–रत्नागिरी गाडीरस्ता आंबा घाटातून गेला, तेव्हा या तालुक्यातील डोंगराला पहिला मोठा आडवा छेद बसला. आंबा हे गाव माथ्यावर शाहूवाडी तालुक्यात असून घाट उतरल्यावर संगमेश्वर तालुक्यातील साखरपा लागतो.

घाटरस्त्याचा आडवा छेद कसा असतो, हे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व अडचणींचे मूळ त्यात आहे. रस्त्याची डोंगराकडील बाजू खोदून व दरीकडील बाजू त्याच मालाने भरून पाट तयार करणे ही सर्वांत काटकसरीची रीत होय. जमिनीचा उतार उभ्या १ ला आडवे ३ असा असून रस्ता ८ मी. रुंद करावयाचा आहे, असे समजू. सुट्या मातीचा भराव सर्वसाधारणपणे उभ्या १ ला आडवे १·५ या उतारावर राहतो. खोदाईचा छेद जवळजवळ उभा घेतला आणि रस्त्याची मध्यरेषा मूळ जमिनीवर ठेवून ४ मी. खोदाई व ४ मी. भराव केला, तर भरावास खोदाईच्या दुप्पट माल लागतो. म्हणून रस्ता आत सरकवून सु. ४·७ मी. खोदाईत व ३·३ मी. भरावात ठेवला म्हणजे हिशेब जुळतो. जमिनीचा उतार १ ला २ झाल्यास दोन-तृतीयांश रुंदी खोदाईत न्यावी लागते आणि भरावाचा पाय मध्यापासून १० मी. पेक्षाही दूर, दरीत खोल जाऊन टेकतो. उतार १ ला १·५ झाला, की भरावाचा उतार व जमिनीचा उतार समांतर होतात आणि भरावाचा पाय जमिनीला टेकतच नाही. येथे कागदावरील जुळणी संपते. एकतर दरीच्या बाजूस आधारभिंत बांधावी लागते, नाही तर सगळा रस्ता खोदाईत बसवावा लागतो. आणि मग खोदलेला सर्वच्या सर्व माल फाजील ठरतो. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर असे तीव्र चढ सर्वत्र आहेत.

शिवाय खोदलेला माल जागच्या मालाएवढा राहत नाही. १०० घ. मी. कातळ सुरुंगाने फोडला, की त्याचे सु. १४० ते १६० घ. मी. डबर होते. मातीही सुटी केल्यावर फुगते, पण पाणी मारून व धुमसून दाबली असता मूळच्यापेक्षा थोडी कमीच भरते. नवख्या ठेकेदाराचे अंदाज चुकत ते बहुधा याच ठिकाणी.

जुन्या घाटरस्त्यांचे बांधकाम पाहिले असता तत्कालीन अभियंत्यांनी भरावावर फारसा विश्वास टाकलेला दिसत नाही. दरीकडील बाजूस कोरड्या दगडी भिंती, डोंगराच्या पायथ्याशी गटार आणि प्रत्येक ओहोळास दगडी मोरी अशी त्यांची पद्धत होती. रस्ता अरुंद असल्याने छेदाची उंचीही मर्यादित राहिली. या भिंतींची जात खाचराच्या तालीहून वेगळी नाही. त्या बांधणारे हातही पुष्कळदा तेच होते.

मातीकामाचे मजूर : मातीकामाचा इतिहास लिहिताना लांबी, उंची व खर्च यांचे आकडे मिळतात, काम करणाऱ्यांची नावे मिळत नाहीत. दख्खनमध्ये हे काम मुख्यत्वे वडार समाजाने केले. मातीचे काम करणारे मातीवडार, दगड गाडीतून वाहणारे गाडीवडार आणि जाती-पाटे घडविणारे जातवडार किंवा पाथरवट, असे त्यांचे व्यवसायानुसार विभाग पडतात. बेलदारही खोदकाम व दगडकाम करीत. ही कुटुंबे कामामागून काम अशी गावोगाव फिरत. पुरुष कुदळ, टिकाव व पहार चालवी, स्त्रिया व मुले पाटीतून किंवा घमेल्यातून माती वाहत आणि लांबचा माल गाढवांवर लादला जाई. मजुरी दिवसावर नसून खोदलेल्या मापावर असे. ब्रास, म्हणजे १०० घ. फूट (सु. २·८३ घ. मी.) हे माप आजही वाळू-मुरुमाच्या व्यवहारात टिकून आहे. खाणीच्या मधोमध मूळ जमिनीचा एक खांब न खणता तसाच ठेवीत व त्याच्या उंचीवरून खोली मोजीत. माप घेऊन झाल्याशिवाय तो खांब पाडावयाचा नसे. त्याच्या माथ्यावर मातीची भर टाकून उंची वाढविण्याची युक्ती मजूरही जाणत व मोजणीदारही. सरकारी दरात साधारणतः १०० फुटांपर्यंतची वाहतूक व ५ फुटांपर्यंतची उचल धरलेली असे. त्यापुढील प्रत्येक टप्प्यास जादा दर मिळे. डोक्यावरून माती वाहणाऱ्या बाईच्या दृष्टीने खोदाई व भराव यांची जुळणी म्हणजे या १०० फुटांचा प्रश्न होता.

या पद्धतीने किती प्रचंड काम होऊ शकते, हे भोर घाटातील लोहमार्गाने दाखवून दिले. १८५६ ते १८६३ या काळात झालेल्या या मार्गाने सु. २५ किमी. लांबीत ५५८ मी. उंची गाठली असून त्यावर २५ बोगदे होते. १८६१ च्या आरंभी तेथे ४२,००० हून अधिक मजूर राबत होते. १८५९ मध्ये ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर काही आठवड्यांतच मरण पावला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका पुढे चालविला, ही हकीकत इतिहासग्रंथांत आवर्जून येते. पटकीने व अपघातांनी मेलेल्या मजुरांचा उल्लेख मात्र ओळी-दोन ओळींत आटोपतो. कोल्हापूर संस्थानात लोहमार्ग १८९१ मध्ये मिरजेहून आला. तो सपाट मुलखातून असल्याने त्याच्या मातीकामात भोर घाटासारखा कस लागला नाही. शाहूवाडीस आजवर लोहमार्ग पोहोचलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर या जुन्या पद्धतीस एक वेगळे आयुष्य लाभले. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लक्षावधी लोकांनी रस्ते, बांधबंदिस्ती व पाझर तलाव यांवर मातीकाम केले. त्यातूनच रोजगार हमी योजनेस बळ मिळून १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. येथे उद्देशच उलटा होता: काम लवकर उरकावे असा नव्हे, तर अधिकाधिक हातांना ते पुरावे असा. यंत्र दूर ठेवणे हा या कायद्याच्या धोरणाचाच भाग होता.

शास्त्राची जोड : मातीच्या दाबाविषयीचे पहिले पद्धतशीर विवेचन कूलाँ या फ्रेंच अभियंत्याने १७७३ मध्ये मांडले व ते १७७६ मध्ये प्रसिद्ध झाले. १८४६ मध्ये कोलँ याने कालव्यांच्या चिकणमातीतील घसरणी प्रत्यक्ष मोजून त्या वक्र पृष्ठावरून होतात, हे दाखविले. पण त्याकडे दीर्घकाळ कोणी लक्ष दिले नाही. पनामा कालव्याच्या कुलेब्रा येथील खोदाईत डोंगर पुनःपुन्हा घसरून खाली येत राहिला आणि पूर्वी ठरविलेल्यापेक्षा कितीतरी अधिक माती काढावी लागली, तेव्हा या प्रश्नाचे गांभीर्य सर्वांना पटले. कार्ल टेर्झागी यांचा १९२५ चा ग्रंथ हा आधुनिक मृदा यामिकीचा पाया समजतात. मातीच्या कणांमधील पाण्याचा दाब वाढला, की कणांची एकमेकांवरील पकड तेवढ्या प्रमाणात कमी होते, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होय. पावसाळ्यात घाटातील छेद का कोसळतो, याचे उत्तर या एका विधानात आहे. १९३३ मध्ये अमेरिकेतील प्रॉक्टर यांनी आणखी एक व्यवहारोपयोगी गोष्ट सिद्ध केली. प्रत्येक मातीस दाबण्यासाठी ओलाव्याचे एक योग्य प्रमाण असते. त्याहून कोरडी माती नीट बसत नाही आणि त्याहून ओली माती कितीही दाबली तरी घट्ट होत नाही, कारण कणांची जागा पाण्याने घेतलेली असते. बैल फिरवून व पाणी शिंपून पातळ थरांनी भराव घालणाऱ्या जुन्या कारागिरांना हे हाताच्या अंदाजाने ठाऊक होते. मुठीत दाबलेली माती गोळा होऊन राहावी, पण तिने हातास पाणी सोडू नये, अशी त्यांची परीक्षा असे.

मातीची धरणे : या ज्ञानाचा सर्वांत मोठा उपयोग या भागात धरणांसाठी झाला. कासारीवरील गेळवडे येथील व कडवी नदीवरील धरण ही शाहूवाडी तालुक्यातील मातीची धरणे असून तालुक्याच्या उत्तर सीमेवर वारणा नदीवरील चांदोली धरण आहे. चांदोलीचा बांध सु. ८८·८ मी. उंच व सु. १,५८० मी. लांब आहे. मातीच्या धरणात भरावाचे निरनिराळे विभाग असतात. मध्ये पाणी न झिरपू देणाऱ्या मातीचा गाभा, त्याच्या दोन्ही अंगांस वजन व आधार देणारा मुरुमाचा थर, गाभ्यातून तरीही झिरपणारे पाणी माती न वाहवता बाहेर नेणारा वाळूचा गाळण-थर आणि पाण्याच्या बाजूस लाटांपासून रक्षण करणारे दगडी अस्तर, असा हा क्रम असतो. तात्पर्य, अशा बांधाची निम्मी रचना पाणी अडविण्यासाठी व निम्मी ते सुखरूप बाहेर पडू देण्यासाठी असते. येथे भरावाच्या गरजेपुढे खोदाईची जुळणी गौण ठरते. लागणारी माती खास खाणींतून आणतात आणि शक्यतो त्या खाणी पुढे पाण्याखाली जाणाऱ्या क्षेत्रातच घेतात.

वारणेच्या जलाशयात १९८५ पासून पाणी साठू लागले. १९६७ च्या कोयना भूकंपामुळे या पट्ट्याचा अभ्यास आधीपासून चालू होता. १९९३ च्या सुमारास भूकंपाचे लहान-मध्यम धक्के दक्षिणेस वारणा जलाशयाच्या परिसरातही जाणवू लागले, ही गोष्ट त्या अभ्यासातून पुढे आली.

धरणाबरोबर आणखी एक मातीकाम आले व त्याची चर्चा त्या मानाने कमी झाली, ते म्हणजे विस्थापितांच्या नव्या गावठाणांचे. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये झाला व १९८६ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. गावठाणाची जमीन सपाट करून देणे, रस्ते व गटारे करणे ही नागरी सुविधांची कामे होत. डोंगरउतारावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांना अशा रीतीने आखलेल्या चौकोनी भूखंडांवर घर बांधावे लागले. पूर्वी जमिनीच्या कलाप्रमाणे घराचे तोंड व जोत्याची उंची ठरे; आता ती नकाशाप्रमाणे ठरू लागली. चांदोलीच्या जंगलातील गावांची फरफट तर दुहेरी झाली: काही जमीन जलाशयाखाली गेली, १९८५ मध्ये अभयारण्य व २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि पुनर्वसनाच्या अपुऱ्या कामांवरून त्यांची आंदोलने त्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिली.

यंत्रयुग : बुलडोझर १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत प्रचारात आला. महाराष्ट्रात तो प्रथम मोठ्या धरणांवर दिसला. खेड्यापाड्यांतील मातीकाम खऱ्या अर्थाने बदलले ते पुढून भरणाऱ्या व मागून खोदणाऱ्या लहान यंत्रामुळे. एका कंपनीच्या नावावरून सर्व बनावटींच्या यंत्रांस आज सरसकट ‘जेसीबी’ म्हणतात. ते तासाच्या भाड्याने मिळते. पूर्वी एका कुटुंबास अनेक दिवस पुरणारी खोदाई ते काही तासांत उरकते. यात वाईट असे काही नाही. पाठीचा कणा मोडणारे काम यंत्राने करावे, हेच योग्य. मात्र हाताने खोदणाऱ्यास माती बदलली की कळत असे. पहारीखाली चिकणमातीचा थर लागला, ओल दिसली, तर तो थांबे. यंत्रास ते जाणवत नाही, आणि तासावर भाडे चालू असताना थांबणे परवडतही नाही.

उंच छेदांतील धोका कोकण रेल्वेने ठळकपणे पुढे आणला. १९९८ मध्ये पूर्ण झालेल्या या मार्गावर जांभ्यातील खोल छेद अनेक आहेत. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ छेदातील दगड-माती रुळांवर आल्याने गाडीस अपघात होऊन ५० हून अधिक प्रवासी मृत्यू पावले. त्यानंतर छेदांचे उतार सौम्य करणे, टप्पे पाडणे, लोखंडी जाळ्या लावणे व पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवणे हे उपाय योजण्यात आले. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण हे गाव दरडीखाली गाडले जाऊन १५० हून अधिक माणसे दगावली. उतारावर यंत्राने केलेल्या शेतीच्या सपाटीकरणाचा यात किती भाग होता, यावर मतभेद झाले. परंतु हातांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेले खाचर व यंत्राने एका उन्हाळ्यात केलेले खाचर यांत भेद करावा लागतो.

आंबा घाटातून जाणारा रस्ता पुढे राष्ट्रीय महामार्ग झाला. त्याचा क्रमांक पूर्वी २०४ होता, आता १६६ आहे. जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत या घाटात अनेक ठिकाणी दरडी कोसळल्या आणि दरीकडील बाजू खचली. अवजड वाहतूक काही काळ बंद ठेवावी लागली. खचलेला भाग बहुधा कोठे असतो, हे पाहण्यासारखे आहे. डोंगराकडील खोदलेला अर्धा भाग मूळ जमिनीवर असल्याने जागेवर राहतो आणि भरावाचा अर्धा भाग खाली जातो. रस्त्याच्या मध्यावर लांबच लांब तडा दिसतो, तो नेमका खोदाई व भराव यांच्या सांध्यावर. तेथे भरण्यापूर्वी मूळ जमिनीस पायऱ्या पाडल्या असतील, तिच्यावरील झाडोरा काढला असेल व पाण्यास बाहेर पडण्याची वाट दिली असेल, तर सांधा टिकतो. कोरड्या दगडी भिंतीच्या जागी काँक्रीटची भिंत आली, तर तिच्यात पाणी बाहेर पडण्यासाठी छिद्रे ठेवतात. पण ती गाळाने बुजली की भिंतीस मातीबरोबर पाण्याचाही भार पेलावा लागतो. तारेच्या जाळीत दगड भरून केलेल्या भिंती अलीकडे घाटांत वापरतात, त्या एका अर्थी जुन्या तालीकडे परत जाणेच होय.

मैदानात याच महामार्गाच्या मातीकामाने उलट प्रश्न उभा केला. २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतर पंचगंगेच्या पूरक्षेत्रातील महामार्गांच्या भरावांमुळे पाण्याचा निचरा अडतो, म्हणून तेथे भरावाऐवजी खांबांवरील पूल अथवा अधिक कमानी ठेवाव्यात, अशी मागणी कोल्हापूर परिसरात जोराने पुढे आली. भरावाची उंची पूररेषेच्या वर ठेवली, की रस्ता कोरडा राहतो. त्याच्या वरच्या अंगाच्या शेतांत व वस्त्यांत पाणी किती काळ तुंबते, हा प्रश्न त्या हिशेबात येत नाही. पुलाचा खर्च भरावापेक्षा पुष्कळ अधिक असल्याने जेथे मोरीने भागते, तेथे मोरीच घातली जाते.

घाटात रस्ता रुंद करताना निघणाऱ्या फाजील मालाचा प्रश्न वर आलाच आहे. तीव्र उतारावर रुंदी वाढवावयाची, ती जवळजवळ सर्व डोंगराच्या बाजूने खोदूनच वाढवावी लागते. छेदाची उंची रुंदीबरोबर वाढते; आणि १ ला १·५ उताराच्या जमिनीत खोदाईची रुंदी दुप्पट केल्यास निघणारा माल चौपट होतो. नियमाप्रमाणे हा माल नेमून दिलेल्या जागी वाहून न्यावयाचा असतो. वाहतूक खर्चाची असते, दरी मात्र जवळ असते. दरीत लोटलेली माती झाडोरा झाकून टाकते, ओहोळांची तोंडे बुजविते आणि पावसाळ्यात गढूळ पाण्याबरोबर खाली उतरते. घाटाखालील वाड्यांत भाताची लावणी जुलैमध्ये चालू असते. त्याच सुमारास ही माती खाचरांत येऊन पसरते. शेतकरी पाऊस उघडल्यावर ती घमेल्याने उपसून बांधावर टाकतात आणि त्यातले दगड निवडून ताल दुरुस्त करण्यासाठी बाजूला ठेवतात.